वडिलांची ट्रायल दोनदा फेल गेली, आता व्हेंटिलेटर सुटणारच नाही का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे, आयुष्यभर बिडी, न्यूमोनिया झाला आणि जळगावात ९ दिवसांपासून व्हेंटिलेटरवर आहेत. दोनदा ‘ट्रायल’ दिली, दोन्ही वेळा तासाभरात मशीनचा जोर परत वाढवला. आणि अगदी शेवटी, दबकत, विचारलंय: बिल वाढवायला तर ठेवत नाहीत ना?

त्याचंच उत्तर आधी देते. मी धुळ्यात आयसीयूत सिस्टर आहे, १४ वर्षं झाली. तुमच्या दवाखान्याची हमी मी कशी देणार? पण ज्याला पेशंट मशीनवर ठेवायचाच आहे, तो झोपेचं औषध चालू ठेवतो आणि ट्रायलचं नाव काढत नाही. दोनदा ट्रायल दिली, याचा मी तरी चांगलाच अर्थ घेईन.

ट्रायलमध्ये नळी काढत नाहीत. मशीनचा जोर अगदी कमी करतात, किंवा मशीन काढून नळीला टी-पीस (टी आकाराचा जोड) लावून नुसता ऑक्सिजन देतात आणि ३० मिनिटं ते २ तास पेशंट स्वतःच्या दमावर कसा श्वास घेतो ते बघतात. डॉक्टर राउंड घेऊन जातात, बघत उभं राहणं आमच्या वाट्याला. श्वास मिनिटाला ३५ च्या वर गेले, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९० टक्क्यांच्या खाली आलं, घाम फुटला, मानेचे स्नायू ओढले जाऊ लागले, की आधार परत द्यायचा. ताणायचं नाही. थकलेल्या पडद्याला सावरायला दिवसभर लागतो, म्हणून पुढची ट्रायल दुसऱ्या दिवशी.

पडदा म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा स्नायू. प्लास्टरमध्ये ठेवलेला हात जसा वाळतो तसाच हाही वाळतो, फक्त फार लवकर. २००८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात १८ ते ६९ तास पूर्ण मशीनवर राहिलेल्यांच्या पडद्याचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले आढळले. तुमच्या वडिलांचे तर ९ दिवस झालेत.

पण दर वेळी दोष पडद्याचाच असतो असं नाही, आणि उद्या डॉक्टरांना विचारायचं ते हेच: ट्रायल कशामुळे फेल गेली? कफ फार आहे का? झोपेचं औषध उतरलंय का? (माझ्या मते अर्धा उशीर इथेच होतो. सकाळी औषध थांबवून पेशंटला जागं करणं कटकटीचं असतं, तो हात-पाय झाडतो, मग कोणीतरी परत पंप चालू करतं.) अंगात पाणी साठलंय का? हृदय कमजोर असेल तर मशीनचा दाब कमी होताच हृदयाकडे जास्त रक्त येतं आणि फुप्फुसात पाणी उतरतं. तेव्हा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि लघवी वाढवणारं औषध जास्त कामाला येतं. आणि बिडीची छाती आहे म्हणून हेही विचारा, की नळी काढल्यावर लगेच मास्कचं मशीन लावणार का.

घाईने काढलेली नळी काय करते ते मी पाहिलंय. शिरपूरकडचा तिशीतला शेतकरी, कपाशीवर फवारणी करताना औषध चढलं. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर, लाळ थांबलेली, ट्रायल मस्त पास. माझा हात त्याने असा दाबला की मीच खूश. नळी निघाली, घोगऱ्या आवाजात म्हणाला, “माले चहा दे.” संध्याकाळी श्वास उथळ, रात्री नळी परत. या विषबाधेत पहिला जोर ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांत, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, आणि हाताची पकड मात्र बरी राहते. त्याला उशीवरून मान उचलायला मी सांगितलंच नव्हतं. तो दोन आठवड्यांनी चालत घरी गेला, पण तेव्हापासून प्रत्येकाला मी मान उचलायला लावते, आजार कोणताही असो. ठरवून नळी काढलेल्या १०० जणांतही साधारण १० ते २० जणांना दोन-तीन दिवसांत परत घालावी लागते, त्यामुळे एखादा दिवस उशीर झाला तरी मला चालतो.

आणखी काही दिवस असंच राहिलं तर गळ्यातून नळीचा, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीचा विषय निघेल. आमच्याकडे नातेवाईक हे ऐकूनच रडतात. त्याने झोपेचं औषध कमी लागतं, कफ काढणं सोपं जातं, आणि गरज संपली की ते भोक बहुतेकांचं आपोआप बुजतं.

भेटीच्या वेळी त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर घेऊन जा. घरच्या बोलीत बोला. सातपुड्यातल्या एका पावरी आजीच्या कागदावर आम्ही दोन दिवस ‘सांगितलेलं ऐकत नाही’ असं लिहीत होतो. नातवाने पावरीत सांगितलं आणि आजीने लगेच मान उचलली.

आणि नळी निघाली की ते आधी पाणी मागतील. लगेच पाजू नका, सिस्टरला विचारा. इतक्या दिवसांनी गिळणं जागेवर यायला वेळ लागतो, घोट श्वासनळीत गेला तर न्यूमोनिया परत.