वाचकांचे प्रश्न : उघडा एअर फिल्टर, रिमॅप आणि घाटात दमणारी गाडी

प्रश्न : माझ्याकडे २०२२ सालची १.२ लिटर पेट्रोल स्विफ्ट आहे. पुण्याहून साताऱ्याला जाताना गाडीत चार माणसे असली आणि एसी चालू असला की खंबाटकी घाटात ती अगदी दमते. एका गॅरेजवाल्याने शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर बसवून ईसीयूचे (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाचे) रिमॅपिंग, म्हणजे त्याच्या आज्ञावलीत बदल, केल्यास ‘१५ हॉर्सपॉवर नक्की वाढतील’ असे सांगितले आहे. हा खर्च करावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : खर्चाचे नंतर पाहू, आधी हे १५ हॉर्सपॉवर येणार कुठून, ते पाहू. आपल्या गाडीचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर सुमारे ९० हॉर्सपॉवर देते आणि त्याला टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नाही. म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब जेवढी हवा आत लोटेल, तेवढीच त्याच्या वाट्याला येते. ती हवा फिल्टर आणि त्याच्या खोक्यातून येताना तिचा दाब थोडा घटतो. फिल्टर स्वच्छ असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाही ही घट साधारणपणे दोन-तीन किलोपास्कलच्या आत राहते, आणि वातावरणाचा दाब आहे सुमारे १०० किलोपास्कल. तेव्हा फिल्टर काढून टाकून नळी सताड उघडी ठेवली, तरी दोन-तीन टक्क्यांहून अधिक काही पदरात पडणे शक्य नाही. नव्या फिल्टरचाही स्वतःचा अडथळा असतोच. शेवटी हाती लागतो एक, फार तर दीड हॉर्सपॉवर, आणि तोही सगळ्यात वरच्या फेऱ्यांवर. अर्ध्या ॲक्सिलरेटरवर तर फिल्टरचा प्रश्नच येत नाही, कारण त्या वेळी हवा अडवून धरलेली असते ती थ्रॉटलच्या झडपेने.

यावर विश्वास बसत नसेल तर एक स्वस्त प्रयोग करून पाहावा. पारदर्शक प्लास्टिकची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून एका फळीवर बांधावी, तिच्यात रंगीत पाणी भरावे, आणि तिचे एक टोक मेकॅनिककडून फिल्टर व थ्रॉटल यांच्या मधल्या भागाला जोडून घेऊन दुसरे उघडे ठेवावे. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता शेजारी बसलेल्याने पाण्याची पातळी पाहावी (चालवणाऱ्याने नव्हे). दोन्ही बाजूंच्या पातळीत दहा सेंटिमीटरचा फरक पडला की एक किलोपास्कल, म्हणजे ढोबळमानाने एक टक्का ताकद. फरक फारच मोठा आला तर फिल्टर तुंबलेला आहे असे समजावे; त्यावरचा उपाय म्हणजे कंपनीचाच नवा कागदी फिल्टर.

एक तुलना पुणेकरांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांहून थोडा अधिक कमी असतो. आपली हीच गाडी, एक स्क्रूही न फिरवता, मुंबईला नेली तर केवळ उंचीच्या फरकाने तिची जी ताकद वाढेल, ती या फिल्टरच्या तीन-चार पट भरेल.

उघड्या फिल्टरची दुसरी अडचण उष्णतेची आहे. मूळ नळी हवा घेते ती बोनेटच्या पुढच्या कडेजवळून, जिथे ती त्यातल्या त्यात गार असते. शंकूचा फिल्टर मात्र बहुतेकदा इंजिनशेजारी उघडाच बसवला जातो. घाटात ट्रकमागे रांगताना तिथली हवा ६० अंशांवर गेली आणि बाहेर ३५ अंश असले, तर आत जाणारी हवा साडेसात टक्क्यांनी विरळ होते. ज्या चढावर ताकद हवी, नेमके तिथेच नुकसान. तरीही असा फिल्टर बसवलेली मंडळी खूश असतात, याचे कारण आवाज. मूळ खोक्याची रचना हवा ओढण्याचा आवाज दाबण्यासाठीही केलेली असते. ते खोके गेले की इंजिन हुंकारू लागते आणि कानांना गाडी वेगवान वाटते.

आता रिमॅप. टर्बो नसलेल्या इंजिनात ईसीयूला अधिक हवा निर्माण करता येत नाही. ठिणगीची वेळ थोडी अलीकडे आणणे आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर इंधनाचे प्रमाण बदलणे, एवढेच त्याच्या हाती असते. त्यातून तीन-चार हॉर्सपॉवर मिळाले तरी चांगले म्हणावे. ठिणगी फार अलीकडे आणली की चढावर इंजिनात खडखड सुरू होते. कंपनीने ठिणगीच्या वेळेत ठेवलेली थोडी सूट हलक्या प्रतीच्या पेट्रोलसाठी आणि भर उन्हाळ्यासाठी असते. शिवाय वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यात असा बदल आड येऊ शकतो, म्हणून विमा कंपनीशी आधी लेखी बोलावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले आहे.

घाटाचे म्हणाल तर आपल्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे ४,४०० फेऱ्यांवर येतो, आणि बहुतेक जण ॲव्हरेजच्या धाकाने २,००० फेऱ्यांवरच तिसरा किंवा चौथा गिअर टाकतात. चढ सुरू होण्याआधीच एक गिअर खाली घ्यावा आणि काटा ३,५०० च्या वर राहू द्यावा. त्याने इंजिनाचे काही बिघडत नाही. खर्चही शून्य.

प्रश्न : माझी १.३ लिटर डिझेल गाडी ७५ हॉर्सपॉवरची आहे. रिमॅपने ती ९० वर जाते असे म्हणतात. तेही खोटेच का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, टर्बोच्या इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. तेथे ईसीयू टर्बोचा दाब वाढवून खरोखरच अधिक हवा आत भरू शकते आणि त्या प्रमाणात डिझेलही वाढवता येते; त्यामुळे १५ ते २० टक्के वाढ अगदी शक्य कोटीतली आहे. आपल्या इंजिनाचीच ९० हॉर्सपॉवरची आवृत्ती कारखान्यातून निघत असे. परंतु तिला पाती फिरवून दाब सांभाळणारा वेगळा टर्बो होता, आणि टॉर्क १९० वरून केवळ २०० न्यूटन-मीटरवर नेलेला होता. रिमॅपवाले जुन्याच टर्बोवर टॉर्क याहून बराच वाढवतात, तेव्हा आधी क्लच घसरू लागतो. गिअर बदलल्यावर काटा चढतो पण वेग वाढत नाही, ही त्याची खूण. मागून काळा धूर दिसला तर डिझेल हवेपेक्षा जास्त जाते आहे असे समजावे. पीयूसीच्या धूर-चाचणीतही मग अडचण येईल.

प्रश्न : धुऊन पुन्हा वापरता येणारा कापडी फिल्टर मूळ खोक्यातच बसवला तर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल, मात्र ताकद वाढेल म्हणून नव्हे, तर दर वेळी नवा कागद घ्यावा लागत नाही म्हणून. ऊसतोडीच्या हंगामातल्या धुरळ्याच्या रस्त्यांवर बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टरच सरस ठरतो. कापडी फिल्टर धुतल्यावर पूर्ण वाळू द्यावा, तेल अगदी बेताने लावावे आणि ते मुरायला रात्रभर वेळ द्यावा, कारण ज्या गाड्यांत हवा मोजणारी तार फिल्टरच्या लगेच पुढे असते, त्यांत जादा तेल तारेवर बसून मोजमाप चुकते आणि इंजिन झटके देऊ लागते.