स्कॉटलंड राहू द्या, आधी मुंबईतलं लग्न शोधा

आजीचे आजोबा जॉन मॅकडोनाल्ड, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, १८६८ च्या सुमारास मुंबईत लग्न, कबर शिवडीला. आता स्कॉटलंडमधल्या मॅकडोनाल्ड क्लॅनच्या, म्हणजे कुळाच्या, लोकांना लिहू का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर नको. कुळाच्या प्रमुखाचं आडनाव रयतेनंही लावायची तिकडे रीत होती, त्यामुळे आडनाव एक म्हणजे रक्त एक असं नाही. शिवाय जॉन मॅकडोनाल्ड हे नाव तिकडे आपल्याकडच्या पाटील आडनावाइतकं सर्रास!

कबरीपेक्षा लग्नाची नोंद मोलाची. दफनाच्या नोंदीत वय, धंदा मिळतो, आईवडील नाहीत. लग्नाच्या नोंदीत त्या काळी वडिलांचं नाव असे. मुंबई इलाख्यातल्या चर्चांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, मुंबईची मालिका एन/३. फिबिस (ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणारी संस्था) आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळांवर फुकट शोधता येतं.

वडिलांचं नाव हाती आलं की 'स्कॉटलंड्सपीपल', म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारी नोंदींचं संकेतस्थळ. १८४१ ची जनगणना मी शेवटी बघतो, कारण तीत कोण कोणाचं काय लागतं तेच लिहिलेलं नाही. १८५१ मध्ये नातं आहे आणि जन्माचा पॅरिशही (चर्चच्या हद्दीतला गावभाग), म्हणजे मूळ गावच मिळालं समजा. पण असे दोन-तीन जॉन सापडतीलच. मग जॉनला सोडा, त्या घरातली, गावीच राहिलेली बहीण धरा. १८५५ पासून तिथे सरकारी नोंदणी आहे, आणि मृत्यूच्या नोंदीत आईवडील दोघांची नावं, आईचं माहेरचं आडनावसुद्धा लिहितात. बाई लग्न होऊन गेली तरी माहेरच्या नावानं सापडते. माझं अडलेलं घोडं असंच एका बहिणीनं सोडवलं.

मग तुमच्या आजीच्या काकांची, म्हणजे जॉनच्या मुलांची, नावं बघा. थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, असा तिकडचा रिवाज. आजोबांचं नाव नातवाला ठेवणं आपल्याला काही नवं नाही. पुरावा म्हणून नाही चालत, पण दोन जॉनमधून एक निवडायला उपयोगी पडतं.

बाप्तिस्मा न सापडल्यास घाबरू नका. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं अधिकृत चर्च फुटलं, बरीच कुटुंबं वेगळ्या निघालेल्या फ्री चर्चमध्ये गेली आणि जुन्या पॅरिशच्या वहीत त्यांच्या मुलांची नावं येईनाशी झाली.

स्कॉटलंड्सपीपलवर सूचीत शोधणं फुकट आहे, मूळ पानाला पैसे पडतात. प्रत्येक जॉनचं पान उघडत बसू नका. वडिलांचं नाव मिळालं की इथे टाका, १८५१ चं घर मिळून शोधू.