पेपर फुटलेली स्पर्धा

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे. एका सीनियरकडून कळलं की फिजिक्सची एक इंटरनॅशनल स्पर्धा आहे जिच्यात लेखी पेपरच नसतो आणि प्रश्न वर्षभर आधीच सगळ्यांना माहीत असतात. मग ती स्पर्धा कसली? आणि ऑलिम्पियाडपेक्षा त्यात वेगळं काय?

उत्तर : तुझा सीनियर थापा मारत नाहीये. इंटरनॅशनल यंग फिजिसिस्ट्स टूर्नामेंट, म्हणजे आयवायपीटी. फिजिक्सचं ऑलिम्पियाड १९६७ला वॉर्सात सुरू झालं, तिथे प्रत्येक जण एकटा बसून ठरलेल्या वेळात पेपर सोडवतो, आणि पेपर काढणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. आयवायपीटीचा जन्म १९७९चा, मॉस्को स्टेट युनिव्हर्सिटीत, येवगेनी युनोसोव्ह यांच्या पुढाकाराने. सुरुवातीला फक्त मॉस्कोच्या शाळांसाठी होती, १९८८ला इंटरनॅशनल झाली, मग सोव्हिएत युनियनच गेलं पण स्पर्धा टिकली, १९९४ला नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनला पोचली आणि पुढे ब्रिस्बेन, सोल, तेहरान, सिंगापूर असं करत जगभर फिरत राहिली. २०२० मात्र कोविडमुळे बुडालं.

दरवर्षी १७ प्रश्न जाहीर होतात आणि पाच जणांची टीम त्यांवर महिनोन्‌महिने प्रयोग करते. प्रश्न दोन-तीन ओळींचे. २०१६चा एक बघ, दोन चाकांची सुटकेस ओढताना कधीकधी डावी-उजवीकडे इतकी डुलते की उलटते, ते का होतं शोधा. बस! एकच छापील उत्तर नाही, त्यामुळे पेपर फुटला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

खरी मजा सामन्यात, आणि त्याला नावच फिजिक्स फाइट आहे. एक टीम रिपोर्टर, १२ मिनिटांत स्वतःचं काम मांडते. दुसरी ऑपोनंट, कुठला प्रश्न मांडायचा ते हीच टीम सांगते आणि नंतर हा ग्राफ असा का, हे गृहीत का धरलं, घर्षण कुठे गेलं असं धरून बसते. तिसरी रिव्ह्यूअर, ती दोघांचं काम तोलते. सगळं इंग्लिशमध्ये. रिपोर्टरच्या मार्कांना तिप्पट वजन, ऑपोनंटच्या दुप्पट, रिव्ह्यूअरच्या एकपट. दुसऱ्याच्या कामातली चूक नेमकी पकडण्याचेही मार्क मिळतात, आणि मला विचारशील तर ही स्पर्धा इतकी पसरली ती यामुळेच, शाळेत कोण शिकवतं हे?

प्रश्न : यासाठी महागडी लॅब लागते का? आमच्या शाळेत साधा ऑसिलोस्कोपही (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) नाही.

उत्तर : प्रत्येक प्रश्नाला नाही. त्याच २०१६च्या यादीत मॅग्नेटिक ट्रेन होती. एका सेलच्या दोन्ही टोकांना बटणासारखे मॅग्नेट चिकटवायचे आणि उघड्या तांब्याच्या तारेच्या लांब कॉइलमध्ये सोडायचं, की ती सुसाट पळते, कारण मॅग्नेट तारेला टेकतात, मधल्या वेढ्यांतून करंट जातो आणि तिथल्या चुंबकीय क्षेत्रामुळे एक मॅग्नेट ढकलला जातो, दुसरा ओढला जातो. एक मॅग्नेट उलटा लावला तर दोन्ही जोर एकमेकांना मारतात आणि गाडी जागची हलत नाही. इथपर्यंत यायला एक दुपार पुरते. पुढे वेग कशाकशावर ठरतो, वेढे दाट केले तर काय होतं, सेल तापल्यावर काय, आणि तुझं गणित मोजलेल्या आकड्यांशी जुळतं का, यात खरे महिने जातात. त्याला वही, मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा आणि चिकाटी लागते. सेल मात्र जास्त वेळ आत ठेवू नकोस, चांगलाच गरम होतो.