हप्ता मालिकेच्या भरवशावर नको

प्रश्न असा: वाईच्या एक ताई मराठी मालिकांचं दिग्दर्शन करतात. दिवसाला ८,००० रुपये, महिन्याला साधारण वीस दिवस शूटिंग. घरी आई आणि सातवीतला मुलगा, खर्च ५५,०००. शिल्लक १९ लाख. मुलाच्या शाळेसाठी साताऱ्यात गोडोलीला ४६ लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे, त्यासाठी ३४ लाखांचं कर्ज. शिवाय कॅमेरा असलेल्या एका मित्राबरोबर स्वतःच्या कथेचा पायलट, म्हणजे चॅनेलला दाखवायचा नमुना भाग, करायचा आहे, त्यात सहा लाख. दोन्ही जमेल का?

ताई, दोन्ही नाही जमणार. आणि फ्लॅट एकटा घेतलात तरी या वर्षी नको, असं माझं मत आहे.

तुम्ही महिन्याचं उत्पन्न १,६०,००० लिहिलंत. पण गेल्या तीन वर्षांत, म्हणजे ३६ महिन्यांत, तुम्ही २६ महिने काम केलंय, हेही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे सरासरी पडते १,१५,०००. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ३४ लाखांचा हप्ता बसतो २९,५०० च्या आसपास. खर्च धरून ८४,५००. कागदावर बसतं की! बँकही कदाचित कर्ज देईल, पण ती तुमची बिलं नाही, रिटर्नमधलं उत्पन्न बघते. व्यावसायिकांना अंदाजे उत्पन्न दाखवू देणाऱ्या आयकराच्या तरतुदीखाली तुमच्या वर्षाच्या १३.८७ लाखांपैकी निम्मंच उत्पन्न धरलं जातं, ६.९३ लाख. नव्या करप्रणालीत त्यावर कर शून्य, म्हणून बिलातून आधीच कापलेला १० टक्के कर (टीडीएस) परत येतो. कर वाचला ते चांगलंच, फक्त कर्जाची पात्रताही त्याच आकड्यावर ठरते.

खरी अडचण पैसे हातात कधी येतात ही आहे. तुमच्या क्षेत्रात बिल नव्वद दिवसांनी मिळतं. त्यामुळे मालिका बंद पडली तरी पुढचे तीन महिने खात्यात पैसे येत राहतात आणि माणूस निवांत राहतो. नवीन मालिका मिळाली की सगळे पेढे मागतात, पण पहिला पैसा चौथ्या महिन्यात. पाच महिन्यांचा खंड पडला तर कोरडे महिने पाचच, फक्त ते तीन महिने उशिरा सुरू होतात आणि त्यातले शेवटचे तीन तुम्ही रोज सेटवर राबत असताना जातात. त्या पाच महिन्यांना सव्वाचार लाख लागतील. फ्लॅटचे १२ लाख, मुद्रांक, नोंदणी आणि फर्निचरचे पाचेक लाख गेल्यावर हाती उरतात दोन. आधीच्या तीन महिन्यांत टीडीएस कापून आलेल्या जुन्या बिलांतून वाचलेले पावणेदोन धरले तरी तोंडमिळवणी होत नाही. त्यातही बिलं वेळेवर आली तर! एका निर्मात्याकडे ७४,००० अजून अडकलेत, असं तुम्हीच सांगता.

तुम्ही लिहिलंय, गुरुवारी टीआरपी आला की सेटवर कुणी मोठ्यानं बोलत नाही. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची मालिका असायची, शेवट कधी ते आधीच ठाऊक असायचं. तुमच्या डेली सोपला ती सोय नाही. डोक्यावर हप्ता असेल तर हातची मालिका सुटल्यावर समोर येईल ती घ्यावी लागते. ‘बाई आहे म्हणून मला फक्त सासू-सुनेचेच सीन देतात’ ही तुमची तक्रार आहे ना? मग नाही म्हणता येईल इतकी शिल्लक ठेवा. सहा लाख एफडीत वेगळे काढा आणि त्यांना हात लावू नका. गोडोलीतच १२,००० भाड्यानं घर मिळतंय, असं तुम्हीच कळवलंय. घ्या ते. मुलाची शाळा सुरू होईल.

आता पायलट. सहा लाख नको, दीड लाखाची मर्यादा घाला. चॅनेलला दाखवायला कथा, पात्रं, पहिल्या दहा भागांचा आराखडा आणि तीन-चार मिनिटांचं चित्रीकरण पुरे. मेणवलीच्या घाटावर पूर्ण युनिट उभं करायची गरज नाही. चॅनेलनं मालिका घेतली तर हक्क बहुधा त्यांच्याकडेच जातात, मग मित्र ‘पुढे हिस्सा’ म्हणतो तो कशातून येणार हे त्याला लेखी विचारा. आणि कथा तुमची आहे, तर लेखिका म्हणून नाव लावा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं रॉयल्टीचा हक्क लेखक, गीतकार, संगीतकारांना दिला, दिग्दर्शकाला नाही. दिग्दर्शनाचे पैसे एकदाच मिळतात. पीएफ नाही, पेन्शन नाही. संहिता स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये आधी नोंदवा, मग मित्राला वाचायला द्या.

जीएसटीवरही लक्ष असू द्या. पूर्ण बारा महिने काम झालं तर तुमचं बिलिंग १९.२० लाख होतं, नोंदणीची मर्यादा २० लाख. मानधन थोडं जरी वाढलं तरी १८ टक्के जीएसटी बिलात लावावा लागेल. पुढच्या करारात ‘मानधन अधिक जीएसटी’ असं लिहून घ्या, नाहीतर तो तुमच्या खिशातून जाईल.

आरोग्य विमा तुम्ही कळवलाच नाही. नसेल तर आधी तो घ्या, रात्री दीडला पॅकअप करून पसरणी घाट उतरता तुम्ही.

फ्लॅटचा विचार पुढच्या मालिकेचे पैसे सलग सहा महिने आल्यावर करा, कर्ज २२ लाखांच्या आत ठेवा, हप्ता १९,००० च्या घरात राहील. घर तुमच्याच नावावर घ्या, महाराष्ट्रात महिलांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे; ४६ लाखांवर ४६,००० वाचतात.

आणि तुम्ही लिहिलेले पतसंस्थेतले तीन लाख मुदत संपली की काढून बँकेत आणा. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो, तो पतसंस्थेला लागू नाही.