न्यूट म्हणजे पालीसारखा दिसणारा, पण बेडकासारखाच उभयचर जीव. तो पाण्यातला प्राणी ना? मग जंगलात पावसानंतर दिसणारं ते लाल-नारिंगी पिल्लू कुठलं?

त्याच प्राण्याचं. अमेरिका आणि कॅनडाच्या पूर्व भागात राहणाऱ्या ईस्टर्न न्यूटचं वय वाढण्याचं गणितच उलटंसुलटं आहे. अंडी तळ्यात, अळीही तळ्यात, बेडकाच्या पिल्लासारखीच कल्ल्यांनी श्वास घेणारी. काही महिन्यांत कल्ले जातात, फुप्फुसं येतात आणि हा जीव चक्क पाणी सोडून रानात निघून जातो. या टप्प्यातल्या न्यूटला 'एफ्ट' म्हणतात.

एफ्टची कातडी कोरडी, खरखरीत. रंग भडक नारिंगी, पाठीवर काळ्या कडेचे लाल ठिपके. लपायची गरजच नाही, कारण कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं, म्हणजे फुगा माशात असतं तेच विष. म्हणून ओल्या पाचोळ्यावरून भरदिवसा रमतगमत फिरतो, किडे खातो. (उचललात तर हात धुवा, डोळ्यांना लावू नका.)

असं साधारण दोन-तीन वर्षं, कधी सात वर्षंसुद्धा. मग प्रौढ व्हायची वेळ आली की परत तळ्याकडे. रंग शेवाळी हिरवट होतो, शेपटी वल्ह्यासारखी चपटी होते, लाल ठिपके तेवढे राहतात. काही ठिकाणचे न्यूट मात्र एफ्ट न होता थेट पाण्यातच मोठे होतात.

आपल्याकडे सह्याद्रीत पाचोळ्यात असं काही दिसलं, तर ती पाल किंवा सापसुरळी समजा. भारतात न्यूट सापडतात ते दार्जिलिंग आणि ईशान्येकडच्या डोंगरांत.