लेझरचा ठिपका गेला आणि तांबूस डाग उरला, तर आधी काय तपासायचं

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर लगेच कळेल. मुलगा नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाण्याच्या धारेतून प्रकाश कसा वळतो ते दाखवायला त्यानं लेझर पॉइंटर बनवला. लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला ६५० नॅनोमीटरचा, ५ मिलिवॉटचा लाल डायोड, पितळी नळी आणि लेन्स, एलएम३१७ या आयसीचा ड्रायव्हर, म्हणजे डायोडला करंट पुरवणारं सर्किट, ३६ ओहमचा रेझिस्टर, डायोडला समांतर १०० मायक्रोफॅरडचा, वीज साठवणारा कपॅसिटर आणि ९ व्होल्टचा चौकोनी सेल. हे सगळं जुन्या टॉर्चमध्ये बसवलं. दोन दिवस छान चालला. मग एक वायर सुटली, ती त्यानं परत जोडली, आणि तेव्हापासून भिंतीवर ठिपक्याऐवजी नुसता तांबूस डाग पडतो. सेल बदलला, लेन्स फिरवली, फरक नाही.

यातलं कामाचं वाक्य एकच: वायर सुटली.

लेझर डायोडला साधारण २.२ व्होल्ट लागतात. एलएम३१७ अशा जोडणीत व्होल्टेज नाही, करंट सांभाळतो. तो ३६ ओहमवर कायम १.२५ व्होल्ट राखतो, आणि १.२५ भागिले ३६ म्हणजे सुमारे ३५ मिलिअँपिअर. डायोड जोडलेला आहे तोवर सगळं ठीक. पण स्विच चालू असताना डायोडची वायर सुटली की करंटला वाट राहत नाही, ड्रायव्हर आपला जोर लावत राहतो आणि त्याचं आउटपुट सात-साडेसात व्होल्टपर्यंत चढतं. कपॅसिटर तेवढा भरून बसतो. मुलानं वायर परत टेकवली असेल, लागतोय का बघायला, तेव्हा तो साठा एका झटक्यात डायोडमध्ये गेला. मध्ये अडवायला काही नव्हतं, कारण ३६ ओहम कपॅसिटरच्या अलीकडे आहे.

डायोडच्या आतली चिप मिठाच्या दाण्याएवढी. तिच्या दोन टोकांचे गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखे काम करतात, प्रकाश त्यांच्यात मागेपुढे होऊन वाढतो. जास्तीच्या करंटनं पहिल्यांदा हे आरसेच जळतात. पुढे चिपमधून करंट जातो, ती उजळतेही, पण साध्या एलईडीसारखी. तुम्हाला दिसतो तो तांबूस डाग बहुतेक हाच.

बहुतेक म्हणालो, कारण खात्री करून घेतल्याशिवाय नवा डायोड आणू नका. खोलीत अंधार करा, पॉइंटर टेबलावर पक्का ठेवा, हाताच्या अंतरावर पांढरा कागद लावा आणि डागाकडे बाजूनं नीट बघा. लेझर जिवंत असेल तर प्रकाश दाणेदार दिसतो. रव्यासारखे बारीक चमचमते कण, आणि तुम्ही मान थोडी हलवली की ते कणही सरकतात. डाग सपाट, दुधट, कुठेच दाणा नसलेला असेल तर बहुतेक लेझर गेला, फक्त एलईडी उरला. कागदाकडे बघायचं, नळीच्या तोंडाकडे कधीच नाही, मंद दिसत असला तरी नाही.

दाणे दिसले तर डायोड वाचलाय, करंट कमी पडत असेल. मग सेल चालू स्थितीत मोजा. साडेपाच व्होल्टच्या खाली गेला असेल तर एलएम३१७ ला पुरत नाही. स्वस्तातले चौकोनी सेल नवे असतानाही लोड आला की बसतात. लेन्सही एकदा बघा, सोल्डरिंगचा धूर तिच्यावर धरतो. मऊ कापसाला किंचित ओल देऊन पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र अजिबात नको, प्लॅस्टिकची लेन्स कायमची पांढरी पडते.

दाणे नसतील तर डायोड काढून बाजूला ठेवा आणि ड्रायव्हर तपासा. इथे बहुतेक जण घाई करतात आणि दुसरा डायोडही घालवतात. ४००७ नंबरचे तीन साधे डायोड एकामागे एक जोडा, त्यांच्याच ओळीत १० ओहमचा रेझिस्टर. ही लेझर डायोडची डमी झाली, तीन डायोड मिळून दोन-सव्वादोन व्होल्ट घेतात. ती लेझरच्या जागी लावून १० ओहमवर मल्टिमीटर धरा. ०.३५ व्होल्ट आले तर ३५ मिलिअँपिअर, म्हणजे ड्रायव्हर बरोबर. जास्त आले तर दोष ड्रायव्हरमध्येच आहे, आणि नवा डायोडही तसाच जळेल.

नवा डायोड लावताना सुरुवातीला ३६ ओहम नको. ४७ ओहम लावा, २७ मिलिअँपिअर मिळतात. ठिपका नीट आला तर तिथेच थांबा. मंद वाटला तर ३९ ओहमपर्यंत या, पण दुकानदाराकडून डायोडची मर्यादा विचारून घ्या, कारण एकाच मापाच्या आवरणात वेगवेगळे डायोड येतात आणि त्यांच्या तीन पायांची मांडणीही वेगळी असू शकते.

स्विच कुठे आहे तेही बघा. तो सेल आणि ड्रायव्हर यांच्या मध्येच हवा. ड्रायव्हर आणि डायोड यांच्या मध्ये असेल तर प्रत्येक वेळी स्विच दाबताना हाच झटका बसतो, वायर सुटायचीही गरज नाही.

मी बरीच वर्षं सीडी प्लेअर दुरुस्तीच्या टेबलावर काढली. नवा पिकअप, म्हणजे सीडी वाचणारा लेझरचा भाग, यायचा तेव्हा त्याच्या पट्टीवर लेझरची दोन टोकं जोडणारा सोल्डरचा एक थेंब असायचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. पिकअप जागेवर बसवून, पट्टी सॉकेटमध्ये घालून मगच तो थेंब काढायचा. नवीन मुलं तो आधी काढायची आणि हाताच्या स्थिर विजेनं पिकअप जायचा, दिसायला मात्र नवाकोरा. तीच काळजी इथे घ्या. डायोडच्या पायांना बारीक उघडी तार गुंडाळून ते शॉर्ट करा. कपॅसिटरची दोन टोकंही १०० ओहमनं काही सेकंद जोडून रिकामी करा. मग वायरी सोल्डर करा, सोल्डरिंग आयर्न अर्थिंग असलेलं वापरा, आणि तार सगळ्यात शेवटी काढा. जोडावर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा आणि वायर ग्लू गननं टॉर्चच्या अंगाला चिकटवा. दप्तरातून लोकलच्या गर्दीत जाणारी वस्तू आहे, जोडावर ताण आला की पहिली वायर तिथेच सुटणार.

शेजारच्या दादानं डीव्हीडी रायटरमधला डायोड काढून लाव म्हणून सांगितलंय, ते मात्र ऐकू नका. तो १०० मिलिवॉट आणि त्याहूनही जास्त देऊ शकतो. तुमच्या ५ मिलिवॉटच्या पॉइंटरच्या वीसपट. कमी ताकदीचा प्रकाश डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि निभावतं. इथे पापणी मिटेपर्यंत पडद्यावर जखम झालेली असते, आणि ती भरून येत नाही. स्टीलच्या डब्यावरून, घड्याळाच्या काचेवरून परतलेला किरणही पुरेसा आहे. प्रदर्शनात तुमच्या मुलाच्या टेबलाभोवती चौथी-पाचवीची मुलं वाकून बघत असणार.

त्याच्या प्रयोगाला तर १ मिलिवॉटही भरपूर होतो. बाटलीच्या तळाशी भोक, समोरून लेझर, पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकले की किरण दिसतो आणि धारेबरोबर वाकतो. पाण्यातून हवेत जाताना पृष्ठभागाच्या लंबाशी कोन सुमारे ४९ अंशांच्या वर गेला की प्रकाश बाहेर न पडता आतच परततो, म्हणून तो धारेत अडकून राहतो. हे सगळं अंधाऱ्या कोपऱ्यात दाखवायला सांगा, ताकद वाढवायची गरज पडणार नाही.

तुम्ही घाटकोपरला राहता म्हणून आणखी एक सांगतो. तुमच्या डोक्यावरून विमानं उतरायला खाली आलेली असतात. गच्चीवरून किरण किती लांब जातो ते बघण्याचा मोह त्याला होईलच. दूर गेलेला किरण पसरतो आणि कॉकपिटच्या काचेवर आला की वैमानिकाच्या डोळ्यांसमोर लाल झगमगाट होतो, तोही उतरण्याच्या क्षणी. पॉइंटर गच्चीवर न्यायचाच नाही, हे त्याला आजच समजावून सांगा.

लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, शनिवारी जा. डायोड दोन घ्या, ४७ आणि ३९ ओहम घ्या, ४००७ तीन घ्या. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. डमी लावून १० ओहमवर किती व्होल्ट आले ते इथे लिहा, नवा डायोड त्यानंतरच जोडूया.