सुरुवातीच्या काळातले आईस हॉकीपटू फक्त खेळावर पोट भरायचे का?

पोट भरायचे, पण एकट्या खेळावर नाही. 1917 साली एनएचएल, म्हणजे आजची आईस हॉकीतली मुख्य लीग, सुरू झाली. तुम्ही विचारताय तो काळ त्याच्याही आधीचा, म्हणून एकच माणूस धरून सांगतो: फ्रेड टेलर, टोपणनाव ‘सायक्लोन’. त्याच्या करारांचे आकडे लागोपाठ वाचले की सगळा धंदा उलगडतो.

1900 च्या आसपास कॅनडातली हॉकी कागदोपत्री हौशी होती. पैसे घेतलेला खेळाडू सापडला की ऑन्टॅरिओ हॉकी असोसिएशन त्याला बाहेर काढायची. पैसे न घेणाऱ्यावरही तिची सत्ता चालायची. टेलर लिस्टोवेल गावात वाढला आणि तिथेच पियानोच्या कारखान्यात कामाला होता. टोरोंटोच्या मार्लबरो संघाकडून खेळायला ये, असा निरोप आला तेव्हा त्याने नकार दिला. संस्थेचा सचिव बिली हेविट याने त्याला अख्ख्या प्रांतात खेळायला बंदी केली आणि 1904-05 चा हंगाम घरी बसून गेला. मग तो मॅनिटोबात पोर्टेज ला प्रेअरीला गेला. तिथे राहणं-खाणं आणि महिन्याला 25 डॉलर मिळायचे. तिथून 1906 मध्ये सीमा ओलांडून मिशिगनच्या हॉटन गावी. तांब्याच्या खाणींच्या या मुलखात डॉक गिब्सन नावाच्या दंतवैद्याच्या पुढाकाराने पहिली उघड व्यावसायिक लीग 1904 पासून चालू होती. उरलेल्या हंगामाचे 400 डॉलर, खर्च वेगळा. हॉटनचा पोर्टेज लेक्स संघ 1906 आणि 1907 अशी दोन्ही वर्षं विजेता ठरला.

ती लीग 1907 मध्ये बंद पडली, कारण कॅनडातले क्लबच आता उघडपणे पैसे द्यायला लागले होते. आपला खेळाडू परत आणायचा तर दुसरा मार्ग उरला नव्हता.

ऑटावाच्या क्लबने टेलरला हंगामाचे 500 डॉलर दिले. सामने दहा, म्हणजे एका सामन्याचे 50. पण त्याला ओढणारी गोष्ट वेगळी होती: इमिग्रेशन खात्यात महिना 35 डॉलरची सरकारी नोकरी. आपल्याकडच्या खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी म्हणा हवं तर. हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा, कारण बर्फ नैसर्गिक. रिंकला छप्पर असलं तरी थंडी बाहेरचीच. जानेवारीआधी बर्फ धरायचा नाही आणि मार्चमध्ये वर पाणी साचून पक (खेळातली रबराची चकती) जागीच रुतायचा. उरलेले नऊ-साडेनऊ महिने खायचं काय, याचं उत्तर म्हणजे ती नोकरी.

टेलरला एवढा भाव का, हे कळायला तेव्हाचे नियम बघावे लागतील. संघात सात जण: गोलरक्षक, त्याच्यापुढे पॉइंट, त्याच्यापुढे कव्हर-पॉइंट, मग रोव्हर (ठरलेली जागा नसलेला, रिंकभर फिरणारा), सेंटर आणि दोन विंग. अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन डाव, आणि सुरुवातीला उतरलेले सातच जण बहुधा शेवटपर्यंत. मुख्य अडचण पासची. रग्बीसारखा पक फक्त आडवा किंवा मागे देता यायचा, पुढे नाही. म्हणजे पक पुढे न्यायचा तर कोणीतरी तो काठीवर घेऊन पळायला हवं. कव्हर-पॉइंटचा माणूस सहसा पळत नसे. तो पक उंच उडवून समोरच्या टोकाला फेकायचा आणि जागेवर परत यायचा. ऑटावाने टेलरला याच जागेवर उभं केलं, आणि हा गडी पक फेकण्याऐवजी स्वतः घेऊन सुटायचा. बचावातला माणूस वेगात अंगावर येतोय म्हटल्यावर त्याला कोणी धरायचं हे समोरच्यांचं ठरलेलंच नसायचं. ‘सायक्लोन’ हे नाव गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांच्या तोंडून आलं असं सांगतात. 1909 मध्ये ऑटावाने स्टॅन्ली कप, म्हणजे कॅनडातल्या हॉकीचा सर्वोच्च चषक, जिंकला.

आता रेनफ्रू. ऑटावाजवळचं छोटं गाव, लोण्याच्या डेअरीसाठी ओळखलं जाणारं. संघाचं नावच ‘क्रीमरी किंग्ज’. पण मालक ओब्रायन घराणं, चांदीच्या खाणी आणि रेल्वेच्या कंत्राटांतून गबर झालेलं. मोठ्या लीगने रेनफ्रूला दारात उभं केलं नाही, तेव्हा अँब्रोज ओब्रायनने डिसेंबर 1909 मध्ये इतरांना घेऊन एनएचए ही नवी लीगच उभी केली. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा संघही त्याच पैशातून निघाला. टेलरशी करार झाला 5,250 डॉलरचा. सामने बारा, म्हणजे सामन्याला 437 डॉलरच्या वर. दोन वर्षांपूर्वीच्या पन्नासाशी ताडून बघा.

कप मात्र आला नाही. लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक हे भाऊही त्याच संघात होते, तरीही नाही. महागडे सात जण महिनाभरात एकत्र खेळायला शिकत नाहीत. ऑटावाविरुद्ध मी उलटा स्केटिंग करत गोल मारीन, ही टेलरची बढाई याच हंगामातली. ऑटावाच्या प्रेक्षकांनी फेब्रुवारीत त्याच्यावर वस्तू फेकल्या, आणि 8 मार्च 1910 ला रेनफ्रूने घरच्या रिंकवर ऑटावाला 17-2 धुतलं. त्यात त्याने तो गोल मारला असं म्हणतात. अख्खं मैदान उलटा गेला, ही नंतरची फोडणी. पुढे येताना वळला, थोडं अंतर उलटा घसरला आणि मारलं, एवढंच मला पटतं.

रेनफ्रूचा संघ 1911 मध्ये गुंडाळला गेला. टेलरला खेळवण्याचा हक्क मॉन्ट्रियलच्या वाँडरर्स संघाकडे गेला. त्याला ऑटावातली नोकरी सोडायची नव्हती, म्हणून तो त्यांच्याकडून खेळलाच नाही. हे फक्त त्यालाच परवडलं, कारण पगार चालू होता. 1912 मध्ये पॅट्रिक बंधूंनी त्याला व्हँकुव्हरला नेलं. त्यांच्या डेनमन अरेनात कृत्रिम बर्फ होता आणि सुमारे दहा हजार प्रेक्षक मावत. इमिग्रेशनची नोकरीही तिकडे बदलून मिळाली. त्यांच्या पीसीएचए या पश्चिम किनाऱ्यावरच्या लीगमध्ये तो रोव्हर झाला. 1917-18 मध्ये 18 सामन्यांत 32 गोल. 1915 चा कप व्हँकुव्हरने ऑटावाला 6-2, 8-3, 12-3 असं हरवून घेतला.

मे 1914 मध्ये 376 हिंदुस्थानी प्रवासी, बहुतेक शीख, घेऊन कोमागाता मारू व्हँकुव्हरला आली, तेव्हा जहाजावर आधी चढलेल्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांत हाच टेलर होता. दोन महिने अडवून जहाज परत पाठवलं गेलं. हॉकीवरच्या लेखांत हे सहसा एका ओळीत उरकतात. पण तो खेळला वीसेक वर्षं आणि नोकरी केली चाळीसहून जास्त. ब्रिटिश कोलंबियाचा इमिग्रेशन कमिशनर होऊन निवृत्त झाला. 1979 मध्ये वारला.

स्वतः आकडे शोधणार असाल तर एक लक्षात ठेवा: एनएचएलच्या विक्रमांत टेलर सापडणार नाही, त्या लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही. पीसीएचएचे तक्ते बघा, आणि ते एनएचएच्या तक्त्यांशी थेट ताडू नका. 1911 पासून पूर्वेकडे रोव्हर काढून सहाच जण खेळत, पश्चिमेकडे 1922 पर्यंत सात.